‘आपण’ की ‘आम्ही’? : हिब्रू धर्मग्रंथाचे मराठी वाचन आणि बेने इस्रायल

हिब्रू धर्मग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात, सृष्टिनिर्मितीच्या सहाव्या दिवशी, देव मनुष्य घडविण्याचा मनोदय बोलून दाखवितो. आतापर्यंत एकवचनात चाललेले कथन त्या ठिकाणी एकाएकी अनेकवचनी होते. मूळ हिब्रूत हे सारे ‘नआसे’ या एका क्रियापदात सामावलेले आहे. सर्वनाम वेगळे उच्चारलेलेच नाही, आणि उच्चारले असते तरी हिब्रूत प्रथमपुरुषी अनेकवचनाचे रूप एकच असल्याने बोलणाऱ्याने ऐकणाऱ्याला आपल्यात धरले आहे की वगळले आहे, हे त्यावरून कळले नसते. मराठी भाषांतरकाराला ही मोकळीक नाही. त्याला ‘आपण’ म्हणावे लागते किंवा ‘आम्ही’. ‘आम्ही’ म्हटले तर ते राजाच्या तोंडचे, स्वतःचा गौरव करणारे अनेकवचन होते. ‘आपण’ म्हटले की समोर दुसरा कोणीतरी उभा आहे आणि त्यालाही या कामात सामील करून घेतले आहे, असा अर्थ अपरिहार्यपणे निघतो. मराठी बायबलमध्ये रूढ झालेला शब्द ‘आपण’ हा आहे.

मग हा दुसरा कोण? ख्रिस्ती परंपरेचे उत्तर त्रैक्याच्या सिद्धान्तात आहे. ज्यू परंपरेत अकराव्या शतकातील भाष्यकार राशी यांनी देवाने देवदूतांशी केलेला विचारविनिमय असा त्याचा अर्थ लावला आणि त्यातून थोराने लहानाचे मत घ्यावे असा बोधही काढला. वाद जुना आहे, युरोपातील आहे, आणि तो ग्रीक, लॅटिन व अरबी भाषांतून पुष्कळ रंगलेला आहे. परंतु त्या बहुतेक भाषांना जो निर्णय टाळता येतो, तो मराठीला टाळता येत नाही. या छोट्याशा व्याकरणिक सक्तीमुळे मराठीतील प्रत्येक भाषांतर तेवढ्या जागी भाष्यही होते. महाराष्ट्रात हिब्रू धर्मग्रंथाचे जे अध्ययन झाले त्याचा इतिहास लिहिताना ग्रंथांची व छापखान्यांची जंत्री देणे सोपे आहे. या ग्रंथाच्या संदर्भात ‘आपण’ कोण आणि ‘आम्ही’ कोण, हे ठरविण्याचा अधिकार कोणाकडे होता, या प्रश्नाकडे मात्र आपल्या वाङ्मयेतिहासाने फारसे लक्ष दिलेले नाही.

भारतात हिब्रू संहितेचे वाचन अनेक ठिकाणी झाले. कोचीनची परंपरा तर पाठांतर व पोथ्या या दोन्ही दृष्टींनी अधिक अखंड आहे. मराठीची स्थिती वेगळी होती. कोकणातील, मुख्यतः कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील बेने इस्रायल समाज हा मराठी बोलणारा, तेल गाळण्याचा व्यवसाय करणारा, आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत असल्याने ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखला जाणारा समाज. नवगावजवळ जहाज फुटले, त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, आणि ग्रंथ मात्र समुद्रात गेले, ही त्यांची उत्पत्तिकथा प्रसिद्ध आहे. तिची ऐतिहासिकता सिद्ध करता येत नाही. मात्र कथा म्हणून ती विलक्षण अचूक आहे, कारण एका ग्रंथनिष्ठ धर्माच्या अनुयायांकडे ग्रंथच नसावा, या वस्तुस्थितीचा अर्थ ती सांगते. ग्रंथाऐवजी या समाजाजवळ काही आचार होते: शनिवारचा विसावा, आठव्या दिवशीची सुंता, खवले असलेलाच मासा खाण्याचा नियम, आणि प्रत्येक मंगल व कठीण प्रसंगी म्हटला जाणारा ‘शेमा’.

सणांची नावे यापेक्षाही बोलकी आहेत. हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी आपल्या इतिहासात ती नोंदविली आहेत. वर्षारंभाचा ‘नव्याचा सण’, प्रायश्चित्तदिनाचा ‘दारफळणीचा सण’, यरुशलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोक पाळण्याचा ‘बिरड्याचा रोजा’, आणि वल्हांडणाच्या वेळचा ‘अनशी ढाकण्याचा सण’. अनशी म्हणजे आंबट कालवणाचे भांडे. ते त्या दिवसांत झाकून ठेवायचे. आंबविलेले अन्न वर्ज्य करण्याची निर्गमच्या बाराव्या अध्यायातील आज्ञा येथे एका भांड्याच्या झाकणात शिल्लक राहिली आहे. इजिप्त नाही, फारो नाही, समुद्र दुभंगल्याची हकीकत नाही. कारण विसरले गेले आणि कृती टिकली. उपासाला ‘रोजा’ आणि प्रार्थनामंदिराला ‘मशीद’ म्हणणाऱ्या या समाजाने आपले शब्द शेजाऱ्यांकडूनच उचलले. सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६मध्ये मुंबईत मांडवी भागात बांधलेले पहिले प्रार्थनामंदिर, शआर हारहमीम, हे लोकांच्या तोंडी ‘जुनी मशीद’च राहिले.

अशा समाजापुढे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ग्रंथ आला, आणि तो ज्या वाटांनी आला त्यांतच पुढील सगळ्या पेचाचे बीज आहे. एक वाट कोचीनची. तेथील ज्यू पाठक व शिक्षक कोकणात व मुंबईत येऊन प्रार्थना शिकवू लागले. त्यांतील श्लोमो सालेम शुराबी यांचे नाव समाजाच्या स्मृतीत आदराने घेतले जाते. दुसरी वाट मिशनऱ्यांची. श्रीरामपूरला विल्यम कॅरी यांनी वैजनाथ शर्मा यांच्या साहाय्याने १८११मध्ये नवा करार मराठीत छापला आणि त्यानंतरच्या काळात जुन्या कराराचे भागही काढले. अमेरिकन मराठी मिशनने मुंबईत तेच काम नव्याने हाती घेऊन १८२६मध्ये नवा करार व १८४७मध्ये संपूर्ण बायबल प्रसिद्ध केले. या दोन टप्प्यांच्या मध्ये, १८३२ साली, स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांचे हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वे मराठीतून सांगणारे पुस्तक मुंबईत छापले गेले, आणि ते प्रामुख्याने बेने इस्रायलांसाठी होते.

ही घटना थोडी थांबून पाहण्यासारखी आहे. त्याच सुमारास विल्सन हिंदू पंडितांशी जाहीर वाद घालीत होते. मोरभट दांडेकरांचे ‘हिंदुधर्मस्थापना’ १८३१चे. त्या वादात दोन्ही पक्षांचे प्रमाणग्रंथ वेगळे होते आणि दोघांनाही दुसऱ्याचा ग्रंथ मुळातच अमान्य करण्याची सोय होती. बेने इस्रायलांशी होणारा संवाद असा नव्हता. येथे प्रमाणग्रंथ एकच. मिशनऱ्याचा हिशेब साधा होता: मूळ भाषा येऊ लागली की ज्यू वाचकाला आपल्या संदेष्ट्यांच्या वचनांत ख्रिस्ताचे भाकीत दिसेल. प्रत्यक्षात मूळ भाषा आली आणि भाकीत दिसले नाही. मिशनच्या शाळांतून शिकलेल्या बेने इस्रायलांपैकी धर्मांतर करणारे अगदी थोडे निघाले. उलट, ज्या व्याकरणाने त्यांना ख्रिस्ताकडे न्यावयाचे होते त्याच व्याकरणाने त्यांना मिशनऱ्यांचे भाषांतर तपासण्याचे साधन दिले. भारतीय प्रबोधनाच्या इतिहासात साधन देणाऱ्याचा हेतू आणि घेणाऱ्याचा उपयोग यांच्यातील अंतर अनेकदा दिसते, पण इतक्या स्वच्छ स्वरूपात क्वचितच.

भाषांतर तपासायचे म्हणजे काय, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. यशयाच्या सातव्या अध्यायातील ‘आल्मा’ हा शब्द. हिब्रूत त्याचा अर्थ उपवर, तरुण स्त्री. कौमार्य विशेषत्वाने सुचवायचे असेल तेव्हा ‘बेतुला’ हा शब्द उपलब्ध आहे. इसवी सनापूर्वीच्या ग्रीक भाषांतरात ‘आल्मा’साठी ‘पार्थेनोस’ आले, मत्तयाच्या शुभवर्तमानाने ते वचन ग्रीकमधून उचलले, आणि ख्रिस्तजन्माचे भाकीत म्हणून ते सर्वत्र रूढ झाले. मराठी बायबलने ‘कुमारी’ हा शब्द योजिला. मराठीपुरते पाहिले तर या शब्दात एक गंमत आहे. संस्कृत ‘कुमारी’ वयाचाही निर्देश करते आणि अविवाहितपणाचाही. म्हणजे ख्रिस्ती भाषांतरकाराने निवडलेल्या शब्दातच ज्यू वाचनाला थोडीशी जागा राहून गेली. ‘तरुणी’ म्हटले असते तर ख्रिस्ती अर्थ गेला असता. ‘अक्षतयोनी’सारखा धर्मशास्त्रीय शब्द घेतला असता तर वाद उघड झाला असता. ‘कुमारी’ने दोन्ही टाळले.

ग्रंथाच्या नावातच असलेला वाद मात्र टाळणे कोणालाही शक्य नव्हते. ‘जुना करार’ हे नाव ‘नवा करार’ गृहीत धरते. बेने इस्रायल वाचकाच्या दृष्टीने जुना असा कोणताही करार नाही. जो आहे तो एकच, आणि तो चालू आहे. हिब्रू ‘बेरीथ’साठी ‘करार’ हा फारसीमार्गे आलेला, कचेरीत रुळलेला शब्द निवडण्यात भाषांतरकारांनी चांगलीच समज दाखविली, यात शंका नाही. ‘वचन’, ‘नेम’, ‘व्रत’ या शब्दांत एकाच बाजूची बांधिलकी आहे, करारात दोन पक्ष येतात आणि भंगाची तरतूदही येते. संदेष्ट्यांची भाषा मुळात अशाच खटल्याची भाषा आहे. ‘तोरा’च्या बाबतीत ही समज दिसत नाही. तोरा म्हणजे शिकवण, दिशा दाखविणे. तिचे ‘नियमशास्त्र’ झाले, आणि पौलाच्या पत्रांतील कृपा विरुद्ध नियम हा विरोध मोशेच्या पाच पुस्तकांच्या शीर्षकातच शिरला. ‘हेसेद’ची ‘दया’ झाली. हेसेदमध्ये नात्यातली निष्ठा आहे. दया नात्यावाचूनही करता येते. ग्रंथांचा क्रमही निरपेक्ष नसतो. ज्यू तनाखची अखेर इतिहासग्रंथाने, यरुशलेमला परत जाण्याच्या आज्ञेने होते. ख्रिस्ती मांडणीत मलाखी शेवटी येतो आणि येणाऱ्या एलियाकडे बोट दाखवून ग्रंथ पुढच्या पानावर ढकलतो. मराठी बायबलने अर्थातच दुसरा क्रम घेतला.

या पार्श्वभूमीवर जोसेफ इझिकेल राजपूरकर यांचे कार्य पाहावे लागते. १८३४मध्ये मुंबईत जन्मलेले राजपूरकर हे डेव्हिड ससून यांच्या शिक्षणसंस्थेत अध्यापक व पुढे मुख्याध्यापक होते, १८७१मध्ये मुंबई विद्यापीठाचे फेलो झाले आणि तेथे हिब्रूचे परीक्षक म्हणूनही त्यांनी काम केले. हिब्रू उपासनाग्रंथांपैकी विसाहून अधिक कृती त्यांनी मराठीत आणल्या. यांत लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की त्यांचा भर प्रार्थनाग्रंथांवर होता. बायबल मराठीत उपलब्ध होते; ते मिशनऱ्यांचे असले तरी होते. नव्हती ती त्या ग्रंथाची ज्यू चौकट, म्हणजे कोणता उतारा कोणत्या दिवशी, कशाच्या जोडीने, कोणत्या स्तोत्रानंतर वाचायचा हे सांगणारा पाठक्रम. संहितेचा अर्थ तिच्या वाचनप्रसंगाने ठरतो हे राजपूरकरांनी सिद्धान्तरूपाने कोठे मांडले आहे की नाही, हा मुद्दा गौण आहे. त्यांच्या निवडीतून ते उघडच दिसते. यशयाचे वचन नाताळच्या उपदेशात ऐकणे आणि ते शब्बाथच्या हफ्तारात ऐकणे, या दोन भिन्न वाचनक्रिया आहेत. मिशनऱ्यांच्या भाषांतराला नवे भाषांतर हे उत्तर देण्याऐवजी त्यांनी त्याच वचनांना त्यांची जागा परत दिली.

हिब्रू व्याकरण मराठी माणसाला परके वाटले असेल, ही कल्पना बरोबर नाही. संस्कृत व्याकरणाच्या परिभाषेत वाढलेल्या वाचकाला तीन व्यंजनांच्या मूळरूपासाठी ‘धातू’ ही संज्ञा सहज उपलब्ध होती. हिब्रूतील डोळे, हात, पाय अशा जोडीच्या वस्तूंचे द्विवचन इंग्रजी विद्यार्थ्याला समजावून सांगावे लागते. संस्कृत जाणणाऱ्याला नव्हे. दोन नामे जोडून षष्ठीचा अर्थ देणारी हिब्रू रचना तत्पुरुषासारखी भासते, फक्त पदांचा क्रम उलटा. अडचण येते ती लिंगाच्या जागी. ‘रूआह’ म्हणजे वारा, श्वास, आत्मा. हा शब्द उत्पत्तीच्या दुसऱ्याच वचनात स्त्रीलिंगी कृदन्तासह येतो आणि पिलांवर पंख हालविणाऱ्या पक्षिणीची क्रिया त्याला जोडलेली आहे. मराठीत ‘आत्मा’ पुल्लिंगी आहे, वाराही पुल्लिंगी, श्वासही. पक्षीण भाषांतरात हरवली. येथे दोष कोणाचा नाही, भाषेचा कल तसा आहे.

देवाच्या नामाचे अनेकवचन हा आणखी एक असाच मुद्दा. ‘एलोहीम’ हे रूपाने अनेकवचन, पण क्रियापद एकवचनी. ज्यू व्याकरणकार याला महत्तेचे अनेकवचन म्हणतात. आदरार्थी बहुवचन नित्य वापरणाऱ्या मराठी माणसाला हे स्पष्टीकरण पटवून द्यावेच लागत नाही. मात्र मराठीत आदर क्रियापदावरही उतरतो, हिब्रूत तो नामावरच थांबतो. आणि मराठी तरी देवाला आदरार्थी बहुवचन कुठे लावते? राजाला ‘आले’ म्हणणारी मराठी विठोबाला ‘आला’ म्हणते. मराठी बायबलमधील देव ‘बोलला’, ‘बोलले’ नाही. हा एकवचनी देव मिशनऱ्यांनी आणलेला नाही, तो संतांच्या भाषेने तयार करून ठेवलेला होता, आणि हिब्रू क्रियापदाच्या एकवचनाशी तो अनायासे जुळून आला.

संहितेच्या या मराठीकरणाचा सर्वांत देखणा नमुना पुण्यात छापला गेला. हिब्रू-मराठी हग्गादा, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री घरात वाचायची पोथी, मुंबईत १८४६मध्येच निघाली होती. १८७४ची पुण्याची आवृत्ती मोझेस जेकब तळकर व आरन डॅनियल तळकर यांनी काढली आणि ती विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात छापली गेली. तीतील चित्रांत बेखमीर भाकरी तयार करणाऱ्या स्त्रिया लुगडी नेसून, केसांचा अंबाडा घालून जमिनीवर बसलेल्या आहेत. अनशीचे भांडे झाकणाऱ्या बायकांच्या नाती-पणत्यांना आता झाकण्याचे कारण पोथीतून कळत होते, आणि पोथीतल्या बायका त्यांच्यासारख्याच दिसत होत्या. हग्गादात चार पुत्रांचा प्रसंग येतो. त्यांतील दुष्ट पुत्र ‘ही तुमची काय सेवा आहे?’ असे विचारतो, आणि त्याचा अपराध हा की त्याने ‘तुमची’ म्हणून स्वतःला समुदायातून वगळले. ‘आम्ही इजिप्तमध्ये दास होतो’ की ‘आपण इजिप्तमध्ये दास होतो’, हा पर्याय मराठीत पित्यापुढे उभा राहतो, आणि प्रत्येक पिढीने आपणच इजिप्तमधून बाहेर पडलो असे मानावे या पोथीच्या आदेशाचे सगळे सार त्या एका सर्वनामात येते. हिब्रू पोथी ही गोष्ट सांगते. मराठी ती व्याकरणात करून दाखवू शकते.

अर्थनिर्णयाची दुसरी वाट कीर्तनाची. अहमदनगरकडे कृष्णा रत्नाजी सांगळे यांच्यासारख्या ख्रिस्ती कीर्तनकारांनी हा घाट बायबलच्या कथांसाठी वापरल्याचे उदाहरण समोर होतेच. १८८०च्या सुमारास मुंबईतील बेने इस्रायलांनी कीर्तनोत्तेजक मंडळ स्थापून अब्राहाम, योसेफ इत्यादींची आख्याने रचली. बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे यांतील प्रमुख नाव. पूर्वरंगात तत्त्वनिरूपण, उत्तररंगात आख्यान, साकी, दिंडी, आर्या, मध्ये हिब्रू वचन. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला येथे मिद्राशची आठवण व्हावी, आणि ही आठवण वरवरची नाही. हिब्रू कथन अतिशय मितभाषी आहे. अब्राहाम मुलाला बळी देण्यासाठी पहाटे निघतो, तीन दिवस चालतो, आणि त्या तीन दिवसांबद्दल संहिता एक शब्द बोलत नाही. साराचा तर उल्लेखही नाही. मिद्राश ही मोकळी जागा भरते, आणि कीर्तनकाराचे काम नेमके तेच असते.

मराठी श्रोता मात्र या कथेकडे रिकाम्या मनाने येत नाही. श्रियाळ राजा, चांगुणा आणि चिलया बाळ यांची ‘शिवलीलामृता’तील कथा त्याला लहानपणापासून ठाऊक असते. अतिथीरूपाने आलेला शिव मुलाचेच मांस मागतो, आणि आईच्या हातून ते रांधले जाते. दोन्ही कथांत मूल परत मिळते. पण श्रियाळाच्या कथेत मूल मारले जाऊन जिवंत होते. अब्राहामाचा हात सुरी उचललेली असतानाच थांबविला जातो. एकीत परीक्षा पूर्ण होते, दुसरीत ती मध्येच रद्द होते आणि झुडपात अडकलेला मेंढा पुत्राची जागा घेतो. शिवाय एकीत चांगुणा कथेच्या केंद्रस्थानी आहे, तर दुसरीत आई घरी झोपलेली असावी. साराविषयी काहीच न सांगणारी कथा चांगुणेच्या समाजात सांगायची म्हणजे श्रोत्यांतील स्त्रियांच्या प्रश्नाला सामोरे जायचे. बेने इस्रायल स्त्रियांनी ही गीते पुढे मुंबईत आणि इस्रायलमध्येही गात ठेवली, यामागे हेही एक कारण असू शकते.

ख्रिस्ती बाजूलाही अभ्यासाची एक स्वतंत्र शाखा फुटली, आणि ती मिशनऱ्यांच्या विरोधात होती. पंडिता रमाबाईंनी केडगावला हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मूळ भाषांवरून मराठीत केले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सुरू झालेले हे काम १९२२मध्ये, त्यांच्या मृत्यूच्या आधी थोडेच दिवस, हातावेगळे झाले. ग्रंथ मुक्तिमिशनच्या छापखान्यातून १९२४मध्ये बाहेर पडला, आणि खिळे जुळविणाऱ्या बहुतेक त्या आश्रमातल्याच स्त्रिया होत्या. प्रचलित भाषांतरांवर रमाबाईंचा आक्षेप दुहेरी होता: भाषा खेड्यातल्या बायकांना कळत नाही, आणि तीत वेदान्ताचे व पुराणांचे अर्थ चिकटलेले शब्द फार आहेत. हा दुसरा आक्षेप कोणी परदेशी माणसाने घेतला असता तर तो अज्ञानात जमा झाला असता. तो घेणारी बाई अनंतशास्त्री डोंगरे यांची कन्या, १८७८मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ म्हणून गौरविलेली. शब्दाला कोणता अर्थ चिकटला आहे हे तिला मिशनऱ्यांच्या पंडितांपेक्षा जास्त ठाऊक होते. रमाबाईंचे भाषांतर चर्चमध्ये रूढ झाले नाही. ते अनेक ठिकाणी अवघडते, शब्दाला शब्द चिकटवते. तरीही एखादी संस्कृत पंडिता संस्कृतकडे पाठ फिरवून हिब्रूशी थेट मराठीचे नाते जोडू पाहते, याला भारतीय भाषांतरेतिहासात दुसरे उदाहरण शोधावे लागेल. बाबा पदमनजींनी भाष्य व संपादनाच्या मार्गाने केलेले काम अधिक उपयुक्त ठरले. रमाबाईंचे अधिक धाडसी होते.

केहिमकरांचा इंग्रजी इतिहास १८९७मध्ये लिहून झाला आणि इमॅन्युएल ओल्स्वांगर यांच्या संपादनाने १९३७मध्ये तेल अवीवला प्रसिद्ध झाला. मधल्या चाळीस वर्षांत केहिमकर बंधूंनी १८७५मध्ये सुरू केलेली मुंबईची इस्रायली शाळा स्थिरावली, तेथे हिब्रू शिकविली जाऊ लागली, आणि केंब्रिजला हिब्रूचे अध्ययन करून आलेल्या रिबेका रूबेन तिच्या मुख्याध्यापिका झाल्या. संहितेचे अध्ययन आता सुरक्षित हाती आले आहे, असे वाटण्याजोगी ही स्थिती होती.

या समजुतीला धक्का इस्रायलमध्ये बसला. १९४८नंतर स्थलांतरित झालेल्या बेने इस्रायलांच्या इतर ज्यूंशी होणाऱ्या विवाहांबाबत तेथील धर्मपीठाने शंका घेतली, आणि १९६२मध्ये मुख्य रब्बी यित्झाक निस्सीम यांच्या कारकिर्दीत वधूवरांच्या पूर्वजांची मागील पिढ्यांपर्यंत चौकशी करण्याचे निर्देश निघाले. शंकेचा आधार ग्रंथाचा होता. अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायात ‘ममझेर’ला, म्हणजे निषिद्ध संबंधातून जन्मलेल्याला, समुदायात प्रवेश नाकारला आहे, पंचविसाव्या अध्यायात निपुत्रिक मृताच्या विधवेशी दिराने विवाह करावा किंवा विधिपूर्वक तिला मोकळे करावे असे सांगितले आहे. शतकानुशतके रब्बींपासून दूर राहिलेल्या समाजाने घटस्फोटाचे व दीरविवाहाचे हे नियम पाळले असतील काय, आणि नसतील तर त्यांची संतती कोणत्या सदरात पडते, असा तो प्रश्न. घटस्फोट आपल्यात जवळजवळ होतच नसत, हे बेने इस्रायलांचे उत्तर होते. म्हणजे ज्या कोकणी सामाजिक रीतीमुळे ते ‘परके’ वाटत होते, तीच त्यांना निर्दोष ठरवीत होती. १९६४च्या उन्हाळ्यात यरुशलेममध्ये त्यांनी धरणे धरले, प्रश्न क्नेसेटपुढे गेला, आणि ऑगस्टमध्ये निर्देशातून बेने इस्रायलांचे नाव काढावे लागले.

अनुवादाचा तोच तेविसावा अध्याय ममझेरच्या लगेच पुढच्या वचनात मवाबी माणसालाही समुदायाबाहेर ठेवतो. आणि रूथ मवाबी होती, दाविदाची पणजी. तनाखमध्ये हे दोन्ही आहेत. नियमही आणि त्याला छेद देणारी कथाही. ‘तुझे लोक ते माझे लोक’ या आशयाचा रूथचा निर्धार कोणी तपासला नव्हता, तिच्या आजीची चौकशी झाली नव्हती. धर्मपीठाने नियम वाचला. शेकडो वर्षे ग्रंथाविना जगून शेवटी ग्रंथ शिकलेल्या समाजाला त्याच ग्रंथाच्या आधाराने दाराबाहेर थांबविले गेले, आणि या वेळी दार अडविणारा मिशनरी नव्हता. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांतील सीमारेषा हिब्रूत दिसत नाही, एवढ्यावरून ती हिब्रू बोलणाऱ्यांत नसते असे म्हणता येत नाही. बेंजामिन जे. इस्रायल यांचे १९८४चे अभ्यासलेखन या सगळ्या घडामोडींकडे संयमाने, आवाज न चढविता पाहते. त्या संयमामागचा ताण मात्र वाचकाला जाणवतो. इस्रायलमध्ये नोआ मस्सील यांनी ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक चालविले, तेही याच समाजाच्या भाषिक निष्ठेतून.

दिल्लीत या परंपरेचा धागा हुमायून रोडवरील जूडा हायम सिनेगॉगपाशी येतो. १९५६मध्ये बांधलेली ही छोटी वास्तू. मयूर विहारसारख्या यमुनेपलीकडच्या वसाहतींतून मराठी कुटुंबे महाराष्ट्र मंडळांच्या कार्यक्रमांना वर्षानुवर्षे नदी ओलांडून येत आली, पण याच बाजूला हिब्रू प्रार्थना म्हणणारा एक मराठी भाषकही आहे, याची जाणीव त्यांतील फार थोड्यांना असेल. मूळचे पुण्याचे, व्यवसायाने वकील असलेले इझिकेल आयझॅक मालेकर यांनी कित्येक दशके तेथील उपासना विनामूल्य चालविली. शहरात ज्यू कुटुंबे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. उपासनेला लागणारी दहा पुरुषांची गणसंख्या, मिन्यान, जमणे कठीण. मालेकरांनी तीत स्त्रियांनाही धरले आणि येणाऱ्याला त्याचा धर्म विचारला नाही. परंपरानिष्ठ ज्यू आचारात मिन्यानमध्ये स्त्री मोजली जात नाही. दहांच्या या संख्येचा आधार तालमूदमध्ये गणना ग्रंथातील एका कथेपर्यंत नेला जातो: वचनदत्त भूमीची टेहळणी करून वाईट बातमी आणणाऱ्या दहा हेरांना देव ‘एदा’, म्हणजे मंडळी, म्हणतो. हेर बारा गेले होते. यहोशवा आणि कालेब हे दोघे वेगळे काढले की दहा उरतात. मंडळी ठरली ती कुरकुर करणाऱ्यांची.